आज जेवणार ना?

त्या सकाळी सुभद्रा चपात्या लाटत होती आणि मी टॅबवर नावं घालत होतो. आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम तेच. तिच्या खांद्यात फोन अडकवलेला, हातात लाटणं. "मंजुनाथ, आज जेवणार ना? सरी, सरी." असं त्याला कानडीत बरं-बरं म्हणून मग माझ्याकडं बघून, "घाला, मंजुनाथ. स्वल्प तिखट कमी." माझं जाड बोट भलतीकडंच पडलं. "अहो, लेथ नाही ती. हळू."

मी बंगळूरच्या पीण्यात, कारखान्यात लेथवर जन्म काढला. शाळा चौथीपर्यंत. मी रिटायर झालो तशी तिनं तिथल्याच कामगारांसाठी घरून डबे सुरू केले. ती सगळ्यांची अक्का झाली. मी अक्काचा नवरा.

ॲप करून दिलं आमच्या वरच्या खोलीतल्या भाडेकरणीनं, मृणालनं. नागपूरची, सॉफ्टवेअरवाली. म्हणाली, "काकू, सध्या इन-मेमरी डेटाबेस टाकलाय. म्हणजे नावं नुसती चालू मेमरीत राहतात. झटपट चालतं, पण ॲप बंद केलं की सगळं पुसलं जातं. रविवारी कायमचं साठवायची सोय करून देते."

"नको गं. असंच राहू दे."

"रोज सगळी नावं परत घालणार?"

"काल जेवला म्हणून आजची भूक मीच ठरवू? रोज विचारते. त्या निमित्तानं कुणाला ताप आलाय, कुणाची बायको रुसलीय, तेवढं कळतं."

तशीच होती बाई. रात्रीचं भांडण सकाळी तिच्या लक्षातच नसे. मी आपला एकटाच फुगून बसलेला. एकदा ऐन घाईत करंट गेला. टॅबची बॅटरी गेलेली, तो वायरवरच चालायचा. सगळी नावं गायब. मी शिव्या घातल्या. ती हसत परत फोन लावायला बसली. "बरं झालं. मंजुनाथची आई गावाहून आली का, विचारायचं राहिलंच होतं."

पहिलं नाव रोज माझं. "अहो, आज जेवणार ना?"

"घरातल्या माणसाला काय विचारतेस? जाणार कुठं मी?"

"हो की नाही, ते बोला." हो म्हटल्याशिवाय पुढचा फोन लावायची नाही.

त्या दिवशी डबे गेले आणि ती ओट्याला टेकून खाली बसली. ती उठलीच नाही. संध्याकाळी तिला पोचवून घरी आलो तर टॅब चालूच. सगळी नावं जागच्या जागी. मृणालचे डोळे सुजलेले. म्हणाली, "काका, वायर काढू नका, ॲप बंद करू नका. काकूंचा शेवटचा दिवस आहे यात. उद्या मी तो कायमचा उतरवून देते."

मी मान हलवली. ती वर गेली. मी टॅबजवळ बसून राहिलो, कुणी वायरला पाय लावेल म्हणून. पण घरात होतं कोण पाय लावायला?

सकाळी ती नावं पुन्हा वाचली. कालची माणसं काल जेवली. सुभद्रा असती तर म्हणाली असती, शिळं काय धरून बसलाय? मृणाल खाली यायच्या आत मी ॲप बंद केलं. परत उघडलं. कोरं.

पहिलं नाव कुणाचं ते ठाऊक होतं. घातलं. पुढं दोन चौकोन आले, हो आणि नाही. ओट्याकडं बघत बराच वेळ बसलो. कुणी विचारलं नाही.

मग 'हो'वर बोट ठेवलं.