शिंगाड्याची पाठ

तर पेंडीचं पोतं पायरीवरच विसरून सटवा निघून गेला, इथवर काल आलो होतो. पुढं झालं असं, की अर्ध्या वाटेवरून गडी परत आला. पोत्यासाठी नव्हे हो. पोतं तर त्याला दिसलंसुद्धा नाही. त्याला ओलांडून तो सरळ आत, व्हिडिओ गेमच्या डब्यापाशी.

हा डबा युसूफ वडगाव या गावच्या ईश्वरप्पांचा. दुकान किराण्याचं, पण एके काळी दारात हा कपाटाएवढा डबा होता आणि त्याच्यापुढं पोरांची झुंबड. मग तो गोदामात पडला. परवा झाडलोट करताना आप्पांनी गंमत म्हणून वायर लावली, तर पडदा उजळला. आणि नेमका त्याच घडीला सटवा मेंढपाळ पेंड न्यायला दारात उभा. त्या दिवशी पेंड राहिलीच. पोरपणी मेंढरं बापाच्या गळ्यात घालून तो इथंच पडलेला असायचा. सगळे टप्पे पार करायचा आणि शेवटच्या बॉसपाशी मार खायचा. बॉस म्हणजे दोन शिंगांचा राक्षस. गावानं त्याला शिंगाड्या नाव ठेवलं होतं. आता सटव्याच्या मिशा पिकल्या, पण शिंगाड्या काही डोक्यातून हलला नव्हता.

त्यात डबा निघाला भंगारात. आज दुपारी केजहून टेंपो यायचा होता, आणि दुपारीच सटव्याचा कळप बिभीषण नावाच्या शेतकऱ्याच्या रानात लेंड्यांच्या खतासाठी मुक्कामाला निघायचा होता. म्हणजे शिंगाड्याला पाडायचं तर आत्ताच, नाहीतर कधीच नाही.

परवापासून माणूस जाग्यावर नव्हता. जेवताना अंगठा भाकरीवर दाबायचा. मेंढरं पाण्यावर असली की हातातली काठी नकळत डावी-उजवी हलवायचा. मेंढरांना वाटायचं, वळायला सांगतोय. बिचारी तहानलेली वळायची.

"आप्पा, अजून एक डाव."

"सटवा, दारात गिऱ्हाईक ताटकळलंय बे. तूर डाळ तोलू का तुझी तार दाबू?"

नाण्याची जागा कधीच मोडली होती. डब्याच्या मागून एक तार दाबली की हरल्या जागेपासून डाव पुन्हा सुरू व्हायचा. आप्पांनी कुरकुरत ती दाबली.

शिंगाड्या दोन पावलं मागं सरला, मान खाली घातली आणि सुटला. हे सटव्याला नवं नव्हतं; कळपातला एडका, म्हणजे मेंढा, असाच येतो. बरोब्बर वेळेला त्यानं उडी मारली. शिंगाड्या भिंतीवर आदळला, पाठ करून उभा राहिला, आणि त्याच्या पाठीवर तांबडा ठिपका लुकलुकायला लागला. इथं सटव्याचा हात दांडीवर गार पडला. शिंगाड्या पुन्हा वळला, तेव्हा कुठं यानं तलवार चालवली. ती शिंगांवर खणकन वाजली आणि पुढच्या धडकेत सटवा आडवा. पोरपणापासून हे असंच चाललं होतं.

"अवो, मेंढरं दिरावर टाकून आलेय मी," मागून आवाज आला. रतनबाई, सटव्याची बायको, पदर खोचून दारात उभी होती. बराच वेळ ती पडद्याकडंच बघत असावी. "तो भिताडाकडं तोंड करून हुबा ऱ्हातो, तवा तुमी कावून थांबता?"

"तोंड फिरवलं ना त्यानं."

"मग?"

"मग काय मग. तोंड फिरवलेल्यावर कोण हात टाकतंय?"

रतनबाईला ते पटलं, कारण तीही मेंढपाळाचीच लेक. कळपात दोन एडके भिडले आणि एकानं तोंड फिरवलं, की तो हरला. मध्ये काठी आडवी घालायची, दुसऱ्याला पुढं जाऊ द्यायचं नाही. सटव्याच्या बापानं हे त्याला चालायला शिकवायच्या आधी शिकवलं असेल.

आप्पांनी कपाळाला हात लावला. "तो का तुझ्या कळपातला हाय बे? मग त्याच्या पाठीवर दिवा कावून लावलाय?"

बाहेर टेंपोचा हॉर्न वाजला. आप्पांनी न सांगता तार दाबली.

शिंगाड्या सुटला, आदळला, वळून उभा राहिला. सटव्याचा अंगठा बटणावर टेकला आणि उचलला गेला.

"मारा," रतनबाई हळूच म्हणाली. "ह्याला न्हाई लागत."

पुढच्या खेपेला त्यानं डोळे बारीक केले आणि मारलं. मग परत मारलं. शिंगाड्या गुडघ्यावर आला, पडद्यावर अक्षरं नाचली, पिपाणीसारखं संगीत वाजलं, आणि टेंपोवाल्यानं येऊन वायर ओढली.

डबा टेंपोत चढेपर्यंत सटवा पायरीवर बसून होता. बसला, उठला, परत बसला. शेवटी पोतं खांद्यावर घेतलं.

"आता तरी जीव थंड झाला का बे?" ईश्वरप्पांनी विचारलं.

सटवा म्हणाला, "थंड कसला, आप्पा. तोंड फिरवलं तवाच तो हरला म्हणायचं, तर ह्याला मी पोरपणीच लई बारी हरवलाय की. उगंच इतकी वरसं झोप घालवली म्या."