एका खुर्चीचं ग्लायडर

संग्रहालयाच्या छताला उडायला शिकवण्यासाठीचं एक जुनं अमेरिकन ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, टांगलं होतं. लाकडी सांगाडा, कापडाचे पंख आणि पुढे उघड्यावर एकच खुर्ची.

"मग शिकवणारा कुठे बसायचा?" बाबांनी विचारलं.

"जमिनीवर!" तिथले काका हसले. "मित्र रबरी दोर ताणायचे, एक जण पंखाचं टोक धरून धावायचा आणि सोडून द्यायचा. पहिल्या दिवशी नुसतं घसरायचं, मग जेमतेम हातभर उडायचं."

उद्यापासून मला ऑफिसला एकटीनं गाडी न्यायची होती. महिनाभर बाबा शेजारी बसून नसलेला ब्रेक पायानं दाबत होते, आणि त्यांचा पाय हलला की माझे हात थरथरायचे. पंख सोडणाऱ्यालाही भीती वाटत असेल, हे मात्र आजच मनात आलं.

बाहेर आल्यावर बाबांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "समोरच्या मैदानाला एक फेरी मारून ये. मी चहा घेतो."

मी निघाले. आरशात बाबा दिसले. चहाकडे न जाता ते गाडीमागे चार पावलं धावले आणि थांबले. शेजारची सीट रिकामी होती. माझे हात स्थिर होते.