वाऱ्याच्या उलट पडलेला पत्रा

टीव्हीवर जगातल्या महाभयंकर चक्रीवादळांची यादी लागली, की मला चाकणजवळची एक दुपार आठवते. आमचं वादळ त्या यादीत नसतं. पण त्याने एक माणूस मारला अशी नोंद झाली होती, आणि ती तिथल्या ठाण्याचा फौजदार म्हणून मीच केली होती.

कुरुळीतल्या एका कारखान्याच्या गेटजवळ पत्र्याखाली एका कंत्राटी कामगाराचं प्रेत सापडलं. सुपरवायझर म्हणाला, "पिऊन भटकत होता साहेब, पत्रा उडून अंगावर आला." ठाण्यात वीज नव्हती, ठाणे अंमलदार खिडकीशी टेबल ओढून डायरी लिहीत होता. ते गळकं ठाणं आता पाडलंय. मला मात्र तेच आठवतं. मी घाईत पंचनामा उरकला आणि 'दारूच्या नशेत' असं लिहून अकस्मात मृत्यू दाखल केला.

दुसऱ्या सकाळी त्याची बायको आली, परभणीकडची. "माझा माणूस दारूला शिवत नव्हता. तेवढं खोडा साहेब. लेकरांनी काय ऐकायचं?"

मी खेकसलो. तेव्हा तिच्यासोबत आलेले म्हातारे घरमालक म्हणाले, "सायेब, गावातली समदी झाडं खेडच्या अंगाला पडल्यात. ह्यो येकच पत्रा उलट, निगडीच्या अंगाला कसा पळाला? त्याला काय तिकडं बस धरायची व्हती?"

मी जीप काढली. कारखान्याच्या शेडच्या छपरावर वाळूच्या गोण्या होत्या, अर्धवट बांधलेली दोरी होती. मागे शिडीच्या पायथ्याशी त्याचे बूट शेजारी शेजारी ठेवलेले. ओल्या पत्र्यावर बूट घसरतात, म्हणून इकडचे कामगार अनवाणी चढतात. प्रेताच्या पायांत काही नाही, हे पंचनाम्यात मीच लिहिलं होतं. नशेत हरवले असतील, असं धरून चाललो होतो.

सुपरवायझरला बोलावलं. आधी टेबल बडवलं. तो आणखीच मिटला. मी मंडईत हमाली करून वर आलेला माणूस. भाव पाडायचा तर आधी आपण बोलायचं नाही, हे तिथेच शिकलो होतो. बूट टेबलावर ठेवले, चहा मागवला आणि गप्प बसलो. चहावर साय धरली तेव्हा तो म्हणाला, "पत्रे उचकटत होते. मीच म्हटलं, दोन मिनिटांचं काम आहे भावा, चढ. पडला. कंत्राटदार म्हणाले, गेटवर नेऊन ठेव, वर पत्रा टाक."

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. पण बूट, दोरी आणि दोन कामगारांचे जबाब पुरेसे होते. निष्काळजीपणाने मृत्यूचा गुन्हा दाखल झाला. पुढे या तपासाबद्दल सत्कार झाला तो "वादळच होतं, बंद करून टाक" म्हणणाऱ्या वरिष्ठांचा; माझी बदली नियंत्रण कक्षात. तो राग अजून गेलेला नाही.

पण स्वतःचाही राग येतो. वादळावर ढकलणं त्या दिवशी सगळ्यांनाच सोयीचं होतं, मलाही.

बाईला बोलावून नवी नोंद वाचून दाखवली: कामावर असताना, छपरावरून पडून. ती म्हणाली, "परत वाचा." मला कुणी हुकूम सोडलेला खपत नसे. त्या दिवशी मी उभा राहिलो आणि परत वाचलं, सावकाश.