उजवीकडचं पाणी

कम्प्युटरवर पाणी बनवणं हा माझा धंदा आहे. दूरच्या शहरातली एक कंपनी सांगते, इथे नदी पाहिजे, तिथे तळं पाहिजे, आणि मी गोंदियाकडच्या चोरखमारा तलावाजवळच्या आमच्या घरात बसून त्यांच्या ॲनिमेशनसाठी लाटा, ऊन, सावल्या घडवते. गावात हे कोणाच्या पचनी पडत नाही. "एवढा मोठा तलाव बाजूले असून खोटं पानी कायले बनवते वो?" असं शेजारची काकू तोंडावर म्हणाली होती. मी म्हटलं, काकू, खऱ्याला थांब म्हटलं तर ते थांबते का?

त्या दिवशी मात्र खोटंही थांबलं. धान कापून झालं होतं. मार्गशीर्षातली दुपार, अंगणात तणसाचा वास, आणि सगळं गाव जेवून सुस्तावलेलं. माझा डेस्कटॉप लिनक्सवर चालतो. मी अपडेट घेतलं, मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं, आणि पडद्यावर माझा तलाव अर्धाच उगवला.

पडद्याला मी चोरखमाऱ्याच्या तलावाचा फोटो लावला आहे, यंदा थंडी सुरू झाल्यावर पाळीवरून, म्हणजे बांधावरून, मीच काढलेला. डावीकडचं पाणी जिथल्या तिथे होतं, त्यावर धुकं, पलीकडे डोंगराची निळी रेघ. मध्यापासून उजवीकडे फक्त काळेहिरवे चौकोन. ते थरथरत होते.

"मुडद्या!" मी म्हटलं. मशीनशी मी अशीच बोलते. प्रेमाने बोललं की ते डोक्यावर बसते.

बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा माझा नेम आहे. केबल बदलली, चौकोन तसेच. कम्प्युटर घरच्या टीव्हीला जोडून पाहिला, टीव्हीवरही अर्धाच तलाव. म्हणजे पडदा बिचारा निर्दोष. उरला ड्रायव्हर. कम्प्युटर आणि चित्र काढणारं कार्ड यांच्यामधला हा दुभाष्या. अपडेटमध्ये सिस्टीम नवी झाली होती आणि तिची नवी बोली ह्या भैताडाला कळत नव्हती. जुन्या सिस्टीमवर परत जावं, तर जागा अडते म्हणून ती मीच पुसून टाकलेली. घ्या!

कामाला लागायला हवं होतं, पण मी नुसती बघत बसले. अर्ध्या तलावावर धुकं होतं आणि उरलेला अर्धा कोणाला तरी आठवत नव्हता, असं काहीतरी वाटत होतं. कुठे तरी होला घुमत होता. किती वेळ गेला कोण जाणे, बाबूजी झोपून उठले आणि माझ्या मागे येऊन उभे राहिले.

बाबूजी म्हणजे माझे वडील. सारी नोकरी त्यांनी ह्याच तलावाच्या नहरावर, म्हणजे कालव्यावर, काढली. गेट उघडायचं, पाणी सोडायचं, कोणाच्या धानाच्या बांधीत किती गेलं ते पाहायचं. आता रिटायर झाले, तरी रोज सकाळी मायला गाडीवर मागे बसवून नहराच्या पाळीने चक्कर मारून येतात.

"काऊन चिडून राहिली, बाई?"

"पाहा ना, काय झालं हे!"

ते वाकले. पडद्याकडे बराच वेळ पाहत राहिले. "चांगला तं दिसून राहिला तलाव."

"चांगला? अन् उजवीकडे काय दिसते?"

"उजवीकडं पाळ आहे. पाळीखालती गेट. गेटाजवळ आपलं मोहाचं झाड, पान्यावर वाकलं आहे." त्यांनी बोट नेलं ते थेट थरथरत्या चौकोनांवर. आवाजात थट्टा नव्हती. चेहरा समाधानाचा होता.

त्यांना चौकोन दिसतच नव्हते. मी त्यांच्या उजव्या कानाजवळ हात हलवला. पापणी लवली नाही. हात पुढे पुढे आणला, पार नाकासमोर आला तेव्हा ते दचकले. "काय करून राहिली?"

मी तशीच उठून अंगणात गेले. माय सुपात लाखोरीची डाळ पाखडत होती.

"माय, बाबूजीले उजवीकडचं दिसत नाही. तुले मालूम होतं?"

तिने सूप खाली ठेवलं नाही. "हौ," ती म्हणाली. "मागं बसून मीच तं सांगून राहिली ना. टॅक्टर आला, म्हैस आली, थांबा, चला. मी खांद्यावर हात ठेवला का त्यायले समजते."

मी त्या हातावरून तिला किती चिडवलं होतं! म्हातारपणी प्रेम उतू चाललं म्हणून. मला स्वतःचा राग आला, तिचा आला, सगळ्यांचाच आला. "एक दिवस दोघंही नहरात जाल!" मी ओरडले. बाबूजी मागोमाग अंगणात आले होते. "चला बाबूजी, उद्याच्या उद्या डॉक्टरकडे."

"डाक्टर कायले? सगळं दिसते मले. जिंदगी गेली त्या नहरावर, डोरे बांधून बी गाडी चालवीन."

अर्ध्या तलावात आणि पुऱ्या तलावात त्यांना फरक दिसत नाही हे पटवायला मी मोबाईलवर तोच फोटो दाखवायला गेले, तर त्यांनी हात झटकला. "त्या टिकलीत काय दिसते? मोठ्यावर दाखव." बाबूजी हट्टाला पेटले की ब्रह्मदेव आला तरी ऐकत नाहीत. मग मीही त्यांचीच पोरगी. म्हटलं, दाखवतेच.

ड्रायव्हर मुळापासून काढून टाकला. चित्र गेलं, काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी तेवढ्या राहिल्या. मोबाईलचं नेट जोडून ड्रायव्हरची जुनी आवृत्ती मागवली. नेट आमच्याकडे मनात आलं तर येते. ओळी एकेक करून वर सरकत होत्या, दाराशी ऊन पिवळं होत होतं, बाबूजी खाटेवर बसून सुपारी कातरत होते, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा देवाला म्हटलं, हे एवढं चालू दे, बाकी काही मागत नाही. एकदा अडकलं. पुन्हा काढलं, पुन्हा टाकलं. मशीन सुरू केलं.

सगळा तलाव आला. डावीकडचं पाणी, उजवीकडचं पाणी, पाळ, गेट, सगळं.

"या बाबूजी. आता सांगा, गेटाजवळ काय आहे?"

"सांगतलं ना तुले. मोह."

मी पाहिलं. गेट होतं. गेटाजवळ उघडं आभाळ होतं. त्या झाडाकडे मी कधी धड लक्ष दिलं नव्हतं, ते फोटोत नाही हे मला तेव्हाच कळलं.

"मोह नाही आहे तिथे, बाबूजी."

"कसा नाही? अवं, उजवीकडचं तुयं कम्प्युटरच बिघडलं आहे, तूच बोंबलत होती ना!"

दारातून मायचा आवाज आला.

"कम्प्युटर नाही बिघडलं. मोह पडला. आखाडातल्या वादळात."

बाबूजी तिच्याकडे वळले. पूर्ण मान वळवावी लागली त्यांना. "अन् तू मले सांगतलं नाही?"

"रोज गेटाजवळ गाडी आली का तुमी म्हनता, पाहाय, मोह कसा उभा आहे अजून." मायने सूप दाराशी टेकवलं. "कसं सांगू मंग? जीभच नाही वळे."

भांडण मी जिंकले होते आणि मला ढसाढसा रडावंसं वाटत होतं. बाबूजींनी पडद्यावर पंजा ठेवला, उजवीकडे, आणि हळूहळू वर नेला, बुंध्यावरून फांदीकडे न्यावा तसा.

"आता काय आहे इथं?"

"पाणी आहे, बाबूजी. त्याच्या वर आभाळ."

त्यांनी हात काढला. खिशातून गाडीची चावी काढून टेबलावर ठेवली, माझ्या किबोर्डशेजारी.

"गोंदियाले डोऱ्याचा डाक्टर कवा बसते," ते म्हणाले, "इचारून ठेव."