हात मागं

"हात मागं," एवढंच त्या म्हणायच्या, आणि पुढे आलेला हात निमूटपणे परत जायचा. तुम्हीही पाहिलं असेल, म्हाताऱ्या माणसाच्या हातात मोबाइल दिसला की शेजारच्याचे हात शिवशिवतात. "द्या इकडे, मी करून देतो." या वाक्याचा बाईंना मनापासून राग होता. सांगा, समजावून द्या, वाटल्यास रागवा, पण हात लावायचा नाही.

आमचा कॉम्प्युटर क्लब म्हणजे सिडकोतल्या एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर जमणारे आम्ही निवृत्त लोक. किल्ली माझ्याकडे, म्हणून अध्यक्षही मीच. बाई पाचोडच्या शाळेत जन्मभर पहिलीचा वर्ग सांभाळून शहरात आलेल्या. त्यांचं नाव सगळ्यांना ठाऊक होतं, पण घ्यायची हिंमत कुणी केली नाही. कॉम्प्युटरवर काहीही उघडलं की त्या ते वरपासून खालपर्यंत मोठ्याने वाचत, मधल्या जाहिरातींसकट. गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात आम्हाला त्यांच्यामुळे तोंडपाठ झाली. शेजारी बसणारे आमचे पोस्टमास्तर वैतागून म्हणत, "बाई, मनात वाचा." त्यावर त्या म्हणत, "मनात वाचणारी पोरं ओळी गाळतात, मास्तर."

एका उन्हाळ्यात शहरातली एक तरुण चार्टर्ड अकाउंटंट आम्हाला शनिवारी फुकट शिकवायला येऊ लागली. बेत असा होता की आपण इन्कम टॅक्सचं रिटर्न भरायला शिकायचं आणि जुलैमध्ये खाली वाचनालयात टेबल मांडून इतर पेन्शनरांना मदत करायची, एक पैसा न घेता. तिने अट मात्र घातली. ज्याने स्वतःचं रिटर्न स्वतःच्या हाताने भरलं असेल, त्यानेच दुसऱ्याच्या मदतीला बसायचं.

झालं, सगळ्यांचे चेहरे पडले. कुणाचं रिटर्न जावई भरत होता, कुणाचं सून. बाईंचं पुण्याहून मुलगा भरायचा. मुलगा गुणी. वडील गेल्यावर आईला त्रास नको म्हणून त्याने आधारला, बँकेत, टॅक्सच्या खात्यात, सगळीकडे स्वतःचा मोबाइल नंबर देऊन टाकला होता. बाईंच्या हे त्या शनिवारी प्रथम लक्षात आलं.

"माझ्या नावाचा निरोप पुण्यात वाजतो," त्या म्हणाल्या. "मग मी हाय कुठं?"

तिथूनच त्यांनी मुलाला फोन लावला. तो प्रेमानेच म्हणाला असणार की कशाला डोक्याला ताप, मी दोन मिनिटांत करून टाकतो. बाईंनी ऐकून घेतलं आणि सांगितलं, "या साली माझं मला करू दे. चुकलं तर परत नाव काढणार नाय." त्याने लगेच कबूल केलं. आई चुकणार याची त्याला खात्री होती, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही होती.

आधी आधारवरचा नंबर बदलायला हवा होता. क्रांती चौकाजवळच्या केंद्रात आम्हीही सोबत गेलो. तिथे बाईंच्या बोटांचे ठसेच उमटेनात. खडूने झिजलेली बोटं ती. ओल्या फडक्याने पुसायची, पुन्हा टेकवायची, पुन्हा नापास. शेवटी एकदाचे उमटले. त्यांच्यापेक्षा आम्हीच जास्त सुटकेचा निःश्वास टाकला. बाई म्हणाल्या, "माझी पहिलीतली पोरं बरी. लवकर ओळखायची."

जुलै लागला तेव्हा त्या रिटर्न भरायला बसल्या. आम्ही मागे गर्दी केली. पेन्शन झाली, बँकेचं व्याज झालं, प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून झाली. मध्येच त्या एका ठिकाणी अडल्या. मला उत्तर दिसत होतं आणि माझा हात पुढे गेला.

"हात मागं, अध्यक्ष."

मग शेवटची पायरी आली. पडताळणीसाठी ओटीपी येणार होता आणि तो पहिल्यांदाच त्यांच्या स्वतःच्या फोनवर येणार होता. फोन वाजला. बाईंचा चेहरा असा उजळला की काय सांगू. त्यांनी फोन लांब धरला आणि वर्गातल्या खणखणीत आवाजात म्हटलं, "चार!"

आणि आम्ही, पिकल्या केसांची सगळी मंडळी, एका सुरात ओरडलो, "चार!"

"सात!"

"सात!"

सगळा आकडा असा पार पडला. खाली पेपर वाचत बसलेल्यांनाही तो कळला असेल. त्या अकाउंटंट मुलीने कपाळाला हात लावला. हा आकडा कुणाला सांगायचा नाही, हे ती पहिल्या दिवसापासून आमच्या कानीकपाळी ओरडत होती. आता नवीन मागवा, ती म्हणाली. बाई ओशाळल्या. क्षणभर मला वाटलं, आता त्या पुण्याला फोन लावतात.

त्या उभ्या राहिल्या. "सगळ्यांनी भिंतीकडं तोंड करा. हात मागं."

आम्ही वळलो. पोस्टमास्तर वळले, मी वळलो, ती अकाउंटंटही वळली. मागे फोन वाजला. मग एक एक कळ दाबल्याचा आवाज, मध्ये लांबलचक खंड. भिंतीचे पोपडे बघत मी मनात म्हणत होतो, बाई, चुकू नका. माझी स्वतःची परीक्षा असताना मी इतका घाबरलो नव्हतो.

"फिरा."

पडद्यावर हिरवी खूण होती. आम्ही टाळ्या पिटल्या. माझे डोळे भरून आले, पोस्टमास्तरांचेही. बाईंनी पुण्याला फोन लावला. "झालं. चुकलं नाय," म्हणाल्या, आणि पलीकडचं बराच वेळ ऐकत पदराने डोळे टिपत राहिल्या.

त्या जुलैपासून टेबलावर त्यांची खुर्ची ठरून गेली. एकदा लासूर स्टेशनचे एक आजोबा काकुळतीला आले. "बाई, तुमीच दाबा ना. लई येळ लागंल."

"लागू द्या. नाव तुमचं हाय," बाई म्हणाल्या, आणि हात पाठीमागे बांधून त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या. आजोबांनी स्वतः बटण दाबलं आणि आमच्याकडे असं पाहिलं, जणू कुस्ती मारली.

आता बाई आमच्यात नसतात. पाचोडला परत गेल्यात आणि तिथे बाजाराच्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडतात म्हणे. इथे त्यांची खुर्ची रिकामी असते. तिच्यावर पोस्टमास्तर पिशवीसुद्धा ठेवू देत नाहीत. आम्ही मात्र अजून हात मागे बांधूनच मदत करतो. नवीन माणसाला वाटतं, हे शाळा तपासायला आलेत.

परवा त्यांच्या मुलाचा फोन आला. "काका, आईला जरा सांगा ना. माझं रिटर्न अडकलंय. तिला व्हिडिओवर सगळं दाखवलं. म्हटलं, आई, पासवर्ड देतो, तूच करून टाक. तर ऐकायलाच तयार नाही."

"मग काय करतायत?"

"पडद्यावर समोर बसलीये. हात मागे घेऊन."

मला हसूच फुटलं.

"मग वाच की वरपासून," मी म्हणालो. "मोठ्याने."

तो एक उसासा टाकून वाचू लागला.