चाळीस मिलिमीटर

दोधूभाऊ आमच्या शाळेचे शिपाई. खापर गावाच्या पुढे आमचं गाव. शाळेच्या आवारात पाऊस मोजायचं भांडं आहे आणि शेजारी जाळीच्या पांढऱ्या पेटीत दोन तापमापकं. रोज सकाळी साडेआठला दोधूभाऊ मोजमाप घेतात, आकडे बाहेरच्या फळ्यावर लिहितात आणि मी मास्तर म्हणून ते वहीत उतरवतो. मेचं ऊन असो की पौषातली थंडी, वर्षभरात एकही खाडा नाही याचा त्यांना भारी अभिमान. तुम्ही वाचल्याशिवाय ऊनही तापत नाही, असं मी त्यांना चिडवायचो.

ऑगस्टमधल्या एका रात्री पाऊस नुसता कोसळत होता. माझ्या पत्र्याच्या खोलीत डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी आवारात पोटरीएवढा चिखल, त्यात दोधूभाऊंचा गुडघा धरलेला. ते ओट्यावरूनच भांड्याकडे बघून मागे फिरले आणि फळ्यावर चाळीस लिहून मोकळे झाले. मी तो आकडा सुवाच्य अक्षरात उतरवला. विचारलं असतं तर माझं काय जात होतं? पण चहा निवत होता.

त्यानंतर दिवसभर ऊन होतं. दुसऱ्या सकाळी त्यांनी भांडं मोजलं तर एकशे अठरा. सगळं पाणी त्या एका रात्रीचं. पण चाळीस तर लिहून झालेलं. त्यांनी पाणी ओतून दिलं आणि शून्य मांडलं.

पावसाच्या त्याच रात्री दगूबाईचा नाल्याकडचा बांध फुटला होता. नवरा गेल्यावर तिने तो एकटीने रचला होता, आणि दगड बसवायला गावात तिला बोलावणं असायचं. तिचा मुलगा मिथुन फळा वाचून चारचौघांत म्हणाला, "चाळीस मिलिमीटरमा बांध फुटस का कधी? आईनी दगडच कच्चा रचात." आकडा शाळेचा, म्हणून सगळ्यांना पटलं. दगूबाईला नंतर कुणी बोलावलं नाही.

डिसेंबरअखेर मी वर्षाची बेरीज करत होतो. माझं बोट ऑगस्टवर आलं तसं दोधूभाऊंनी सगळं सांगून टाकलं. मी त्यांच्यावर भडकलो. मग माझीच मला लाज वाटली, कारण पत्र्यावरचा तो आवाज मीही ऐकला होता.

आम्ही दोघं शेतात गेलो. दगूबाई बांध पुन्हा रचत होती. एकेक दगड तीनतीनदा बसवून बघत होती. दोधूभाऊंनी टोपी काढली.

"वहिनी, त्या रातले चाळीस नही, एकशे अठरा पडेल व्हतं. मी न मोजताच लिखं."

तिने हातातला दगड खाली ठेवला. "मंग मन्हा दगड नीट व्हतात?"

"नीटच व्हतात."

"मले नको सांगू, भाऊ. फळावर लिख. मिथुन तठेच वाचस."

दुसऱ्या सकाळी दोधूभाऊंनी फळ्यावर आधी ऑगस्टची ती तारीख लिहिली, पुढे एकशे अठरा, आणि खाली 'चाळीस मी न मोजता लिहिले होते' असं लिहून सही केली. मिथुनने ते दोनदा वाचलं आणि माझ्याकडे वळला.

"सर, तुम्ही त्या रातले झोपेल व्हतात का?"

"नाही," मी म्हणालो.