हिरवा ठिपका

चूक माझीच होती. लोक काय शोधतात आणि त्यावर कुणीच नीट लिहिलेलं नाही, हे हेरून वेबसाइट काढणं हा माझा धंदा. ‘पती वारल्यावर पेन्शनची कागदपत्रं’ या शब्दांपुढे, लोकांचे शोध मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, कमी स्पर्धेचा हिरवा ठिपका दिसला आणि मी खूश झालो. कुठूनतरी उचललेली यादी न तपासता साइटवर टाकली.

आज शेजारच्या सुमनवहिनी तीच यादी घेऊन आल्या. “भावोजी, तिसरा हेलपाटा झाला. कारकून म्हणाला, कुठल्या मूर्खाचं वाचून आलात?”

घड्यांवर फाटत आलेला तो कागद मी पाहत राहिलो. जिथं माणसाला विचारायला कुणी नाही, तिथंच आमच्यासारख्यांचा ठिपका हिरवा होतो. शी, काय हा धंदा!

“वहिनी, तो मूर्ख मीच,” मी म्हणालो. “मला माफ करा.”